चंपतबाबांचा खड्डा

चंपतबाबा स्वतःची कबर खोदून राहिले, ही बातमी कारखान्याच्या दुपारच्या भोंग्याच्या आधीच सेक्टरभर झाली होती. भोंगा निदान एका जागेवरून वाजतो, शेजारच्या भागाबाई चालत चालत वाजायच्या. त्यांचं बोलणं मराठीत सुरू व्हायचं आणि दम लागला की हिंदीत उतरायचं.

"अवं बाई, माह्या डोळ्यानं पाह्यलं. भिंतीवरून डोकावली, तं बुढा खड्ड्यात. माणूसभर लांब खड्डा. सिर्फ टोपी दिखती थी. अन् मले म्हणते कसा, 'भागाबाई, माती कशी थंडी हाये खाली.' असं कोनी चांगला माणूस बोलते का, बताव."

खड्डा होता, टोपी होती, माती थंडही होती. मरायचं मात्र चंपतबाबांच्या मनात नव्हतं. त्यांना वांगी लावायची होती.

चंपतबाबांची सगळी नोकरी दुर्ग लाइनवर गेली. लांब दांड्याचा हातोडा खांद्यावर टाकून ते रोज रुळांवरून चालायचे, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकायचे आणि कान द्यायचे. घट्ट चावी ठणकून बोलते, ढिली कुरकुरते. नोकरी संपली, रेल्वेचं क्वार्टर सुटलं, तसे ते भिलाईला मुलाकडे आले. देवीदास कारखान्यात कोकभट्टीवर होता. पहिली लोखंडाची भट्टी पेटून वरीस झालं होतं. क्वार्टर नवंकोरं, नळ घरात, मागे भिंतीनं वेढलेलं चार खाटांएवढं परस.

सून पंचफुला त्यांना काही कमी पडू देत नसे. अडचण तीच होती. "बसा मामाजी" ऐकून ऐकून बाबा थकले. लहानपणी आईनं गावात दारोदार मागून आणलेली भाकर त्यांनी खाल्ली होती. नागपुरात दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी मनाशी पक्कं केलं, आता मागून खायचं नाही. आणि इथं चहासुद्धा मागावा लागत होता.

म्हणून हिवाळ्यात त्यांनी परसात मिरची, वांगी, वाल लावले. जमीन सगळी लाल मुरमाची. रोपं आठ दिवसांत पापडासारखी वळली. दुसऱ्यांदा लावली, तीही गेली. त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले,

"देवीदास, दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाऊ ना, तं येताना मी तुमसरलेच उतरीन. गावी राहीन."

"गावी कोन हाये बा? घराचं छप्परबी गेलं."

"माती तं हाये."

पंचफुलानं न विचारता बाबांच्या ताटात आणखी वरण वाढलं.

दुसऱ्या बाजूच्या क्वार्टरात प्रस्तुत लेखिका राहत असे. (आमचे शाळेतले सर स्वतःबद्दल असंच बोलतात.) भागाबाईंची, सरांची, भोंग्याची नक्कल करणं हा तिचा धंदा. ती भिंतीवर बसून बाबांना म्हणाली, "आबाजी, या मुरमात मिरची पिकली तं मी तुमची चाकरी करीन."

"कोनती?"

"तुमी म्हनान ते."

"ध्यानात ठेव," बाबा म्हणाले.

उन्हाळा लागला. करमेना म्हणून बाबांनी हातोडा काढला आणि परसातली जमीन ठोकत फिरू लागले, सवयच ती. दाराशी ठण. न्हाणीपाशी ठण. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात धप. बाबा थांबले. पुन्हा ठोकलं, पुन्हा धप. लाइनवर असा आवाज आला की खालची गिट्टी खचलेली असायची. इथं खाली काय असेल? त्यांनी सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि खणायला लागले. भागाबाईंनी पाहिली ती ही वेळ.

भागाबाईंनी देवीदासला पाळी सुटल्यावर रस्त्यातच गाठलं. "माती तं हाये" हे शब्द त्याच्या कानात होतेच. तो डोक्यावरचं हेल्मेटही न काढता धावत घरी आला.

"बा, वर ये. आधी वर ये."

"तूच खाली ये," खड्ड्यातून टोपी म्हणाली. "येताना फावडं आन."

बाबांच्या मुठीत काळी, ओलसर माती होती. देवीदासनं ती हातात घेतली आणि हेल्मेट काढून फावडं आणायला गेला.

जवळच्या कुरुद गावचा छत्तीसगढी दूधवाला हिरालाल भांडं खाली ठेवून ती माती बघत राहिला. "ये तो धनहा माटी ए, बबा. इहाँ धान होवत रिहिस. मुरूम तो बाद म डारिन." क्वार्टरं बांधताना धानाची खोलगट शेतं मुरमानं भरून काढली होती, आणि शेत खाली तसंच पडून होतं. दुसऱ्या दिवशी हिरालालनं धोतराच्या गाठीत लाल भाजीचं, म्हणजे माठाचं, बी आणून दिलं.

मग बापलेकांनी सगळं परस उलटं केलं. मुरूम खाली, काळी माती वर. चर खणायचा, भरायचा, पुढे सरकायचं. वाफ्यांची रुंदी बरोबर दोन रुळांमधल्या अंतराएवढी, बाबांना दुसरी रुंदी सुचतच नव्हती. पंचफुलानं न्हाणीचं पाणी वाफ्यांकडे वळवलं, कौलांवर कोहळ्याचा वेल चढवला, दोन कोंबड्या आणल्या. "बसा मामाजी" बंद झालं. आता "मामाजी, कोणती भाजी तोडू?" असं सुरू झालं. श्रावण सरता सरता बाजाराची थैली खुंटीवरून उतरेनाशी झाली. एक दिवस ती खाली पडली आणि कोंबडीनं तिच्यात अंडं घातलं.

दसऱ्याला घरातले सगळे नागपूरला गेले. परतीच्या गाडीत तुमसर आलं, तेव्हा देवीदास बाहेर बघेना. बाबांचं गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं. फलाटावर माणसं उतरली, चढली. गाडी हलली. चंपतबाबा खिडकीतून मान आत घेत म्हणाले,

"ते शेजारची पोरगी पानी घालून राहिली असंन ना वांग्यांले?"

ती घालत होती. मिरच्यांनाही. त्या इतक्या लागल्या होत्या की पैजेचा विषय काढायची बाबांना गरजच पडली नाही. मिरच्यांवर पोपट पडायला लागले होते, त्यामुळे कोणती चाकरी तेही ठरून गेलं. तेव्हापासून रोज शाळेआधी प्रस्तुत लेखिका मागच्या भिंतीवर चढून पोपट पळावेत म्हणून शिकारी शिक्ऱ्याचा आवाज काढते. खाली चंपतबाबा वाफा खुरपत असतात.

"जरा उंच काढ वं," ते मान वर न करता सांगतात. "काल मिठू हसून राहिले होते."