झाकण उलटं ठेवणारे बाबालालचाचा

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एखाद्या माणसाविषयी असं लिहायचा मला अधिकार आहे का, ठाऊक नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

बाबालालचाचा कोरेगावात ट्रकची इंजिनं दुरुस्त करत. ट्रक आला की इंजिन चालू ठेवून ते ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढत, तेच उलटं करून तोंडावर नुसतं ठेवत आणि बघत राहत. झाकण शांत राहिलं तर ठीक. थडथड उडू लागलं, तर पिस्टनच्या रिंगा झिजून वरचा जाळ खाली ऑइलमध्ये उतरतोय असं समजायचं. ड्रायव्हर मध्येच काही सांगू लागला तर म्हणत, "तू गप. झाकणाला बोलू दे."

आणि ते भित्रे होते. कुठलंही इंजिन सुरू करण्याआधी एक फळी, इंजिन ज्यातून हवा ओढतं त्या पाइपाजवळ आणून ठेवत. ड्रायव्हर चेष्टा करत, "चाचा, इंजिन चावतंय व्हय?"

ते हसत नसत. "व्हय. मी लय भितो. तूबी भी."

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या ट्रकचं झाकण उडत होतं. चाचांनी इंजिन खोलायला सांगितलं होतं. आण्णांनी साखरेचा हंगाम संपेपर्यंत ते पुढे ढकललं. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी तेल ठिबकवायची आणि कारखान्याच्या फाटकावर त्यावरून बोलणी बसायची. मी तेव्हा सांगलीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नव्या इंजिनांत ही वाफ परत हवेच्या पाइपात घेतात, हे नुकतंच शिकलो होतो. मध्ये तेल अडवणारा डबा असतो, हे मात्र मनावर घेतलं नाही. सुट्टीत घरी आलो होतो; रविवारी आण्णा झोपले असताना मी ती नळी हवेच्या पाइपाला जोडली. कोणाला सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी आम्ही ब्रेक दाखवायला ट्रक चाचांकडे नेला. आण्णांनी थोडी रेस दिली आणि आवाज चढतच गेला. पाय काढला तरी चढला. किल्ली बंद केली तरी चढला. इंजिन त्या नळीतून स्वतःचंच ऑइल ओढून जाळत सुटलं होतं. धुरात केबिन दिसेना, आणि आण्णा आत होते. सगळे पळाले. मीही पळालो.

धुरात शिरले ते चाचा. त्यांनी फळी हवेच्या पाइपाच्या तोंडावर छातीने दाबून धरली. इंजिन दोन आचके देऊन विझलं. मग ते टायरवर बसले. फळी अजून मांडीवर घट्ट धरलेली होती. त्यांची नजर नळीवर गेली, मग माझ्यावर. आण्णांनी काय झालं विचारलं.

"रिंगा गेल्यात. तुला कवाच सांगितलं हुतं," ते म्हणाले, आणि गुपचूप नळी सोडवली.

त्यानंतर कोरेगावला आलो की मी त्यांची गल्ली टाळायचो. एकदा एसटी स्टँडवर समोरच आले. मी मागे वळू लागलो. खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "इंजिनाला भ्यावं रं. माणसाला कशापायी भितोस?" तरीही मी मिळाली ती एसटी धरली.

गेल्या महिन्यात आण्णांचा फोन आला. चाचा गेले होते. सकाळी छातीत कळ आली, दुपारी माती होती. मी होस्टेलच्या जिन्यात बसलो आणि नळीचं सगळं सांगून टाकलं.

"मला ठावं हाय," आण्णा म्हणाले. "त्यानं त्याच दिशी सांगितलं. म्हणला, पोराला इचारू नगंस. त्यो आपणहून यील माझ्याकडं."