पांढऱ्या कपड्यांतला वाढदिवस

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, अशोक विजयादशमी. ठिकाण शांघाय, आमची इमारत. हजर: मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा, फोनवर अकोल्याहून माझी आई. समोरच्या घरात मुलीची मैत्रीण, तिचे आईवडील आणि आजी. आजीचा त्या दिवशी ऐंशीवा वाढदिवस होता.

अमरावती सोडून आम्ही जुलैत इकडे आलो. नवरा अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं बसवायचा, इथल्या एका कंपनीनं त्याला तीन वर्षांसाठी बांधून घेतलं. गॅस, पाणी, बँक, शाळा हे सगळं मी लावून घेतलं. ज्वारीचं पीठसुद्धा शोधून काढलं. मुलाची काळजी नव्हती. तो खालच्या पोरांत मिसळला आणि त्यांच्यासारखं बोलायलाही लागला. मुलगी मात्र शाळेत तोंड उघडत नव्हती. रोज शिक्षिकेचा निरोप यायचा, आजही बोलली नाही.

बोलायची ती फक्त समोरच्या मुलीशी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. दोघी एकाच वर्गात. ती हिला हाताला धरून शाळेत न्यायची, हिच्या डब्यातली भाकरी खायची, कोणी हसलं तर हिच्या वतीनं भांडायची. ही मैत्रीण टिकली तरच मुलगी इथं टिकेल, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून वाढदिवसाचं बोलावणं आलं तेव्हा मी ते परीक्षेसारखं घेतलं. काय न्यायचं, किती वाजता जायचं, सगळं ठरवलं.

निघताना अमरावतीच्या विहारात सगळ्यांनी सांगितलं होतं, बुद्धाला मानणारा मुलूख आहे, तुम्हाला परकं वाटायचं नाही. त्या सकाळीही आई फोनवर तेच म्हणाली. "आपलेच लोक हायेत ते. तुले काहून टेन्शन येऊन राहिलं?"

सकाळी आम्ही वंदना घेतली. मी पांढरी साडी, नवरा पांढरा सदरा, मुलं पांढऱ्या कपड्यांत. सणाचे कपडे अंगावर होतेच, दुसरे कशाला बदलायचे? वंदनेसाठी आणलेल्या पांढऱ्या शेवंतीचा एक मोठा गुच्छ बांधला आणि चौघं समोर गेलो.

दार मैत्रिणीच्या आईनं उघडलं. आत सगळं लाल होतं, टेबलावरचं कापड, भिंतीवरचे कागद, आजीचं जाकीट. मैत्रिणीच्या आईनं हसत गुच्छ घेतला आणि दाराबाहेर चपलांजवळ ठेवला. आजीनं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं ते परत वळवलं नाही. कोणीतरी मुलाच्या खांद्यावर घाईघाईनं लाल मफलर टाकला. वाढलेल्या शेवया आम्ही कशाबशा संपवल्या.

घरी आल्यावर मुलीनं फ्रॉक काढून बादलीत टाकला.

"आई, इथं कोणी मेलं की असे कपडे घालतात, अशी फुलं नेतात. ती मला म्हणाली, आमची आजी मेली म्हणून आलात का?"

दुसऱ्या दिवशी मी लाल डब्यात मिठाई घेऊन गेले, मोबाइलवर भाषांतर करून माफी मागितली. मैत्रिणीच्या आईनं डबा दोन्ही हातांनी घेतला, मान हलवली, हसली आणि दार लावलं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं.

त्याच महिन्यात समोरची आजी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. आम्हाला कोणी एक शब्द बोललं नाही. फक्त ती मुलगी आता वडिलांच्या स्कूटरवर शाळेत जाते. आमची एकटी चालत जाते. वर्गात आमच्या मुलीनं मैत्रिणीशेजारचा बाकही बदलून मागितला नाही, नुसती बसून राहते. घरातही ती आता विचारलं तेवढंच बोलते. भाकरी अर्धी टाकते. एकदा मी खोलीत शिरले तर ती फोनवर अकोल्याच्या आजीला हळू आवाजात सांगत होती, "आजी, मले घेऊन जा."

मग आई माझ्यावर घसरली. मी आपली रोज काय खायला द्यायचं, कोणती शिकवणी लावायची, तेच तिला वाचून दाखवत होते. "तुह्या याद्याईनं पोट भरते का तिचं? पोरगी सुकून चालली. इकडं पाठव."

नवऱ्याला करार सोडता येत नाही, आणि मुलाला इथून उचलून नेणं आम्हा दोघांनाही बरोबर वाटत नाही. तेव्हा मुलगी एकटीच जाईल, जानेवारीत. अकोल्याच्या शाळेत माझा भाऊ बोलून आला. नवरा तिला पोचवून परत येईल. आईनं तिच्यासाठी पलंग लावून घेतला आहे. माझ्याकडून करण्यासारखं सगळं झालं.

मुलाला मात्र अजून सांगितलेलं नाही. शाळेतून आला की तो ताईजवळ बसतो आणि त्या दिवशी शिकलेले शब्द तिच्याकडून म्हणून घेतो. ती म्हणत नाही, तर तोच दोनदा म्हणतो. उन्हाळ्यात तिला सायकल शिकवणार असल्याचं त्यानं खाली सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. या रविवारी आम्ही दोघांनी बसून त्याला सांगायचं ठरलं होतं. नाश्ता झाला, नवरा त्याला घेऊन खाली गेला, मी कपडे वाळत घातले. सांगायचं राहिलं.