सवाष्ण मोटार

आमच्याकडे मोटार आली तेव्हा रत्नागिरीत मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि आमच्याएवढी लांब एकही नव्हती. घाटावरच्या एका छोट्या संस्थानिकाने वापरून, कंटाळून ती टाकून दिली होती. माझे यजमान वकील. कोर्टात जन्मभर दाखवलेली हुशारी त्यांनी त्या एका खरेदीत घालवली. विलायती गाडी, आत तांबडं कातडं, लाकडी आऱ्यांची चाकं, पुढे दोन पितळी दिवे. गाव बघायला लोटलं आणि यजमान आठवडाभर जमिनीवर नव्हते. पुढे थोड्याच वर्षांत ते तापाने गेले. मागे राहिलो मी, माझी मुलगी, आंब्याची बाग आणि ही म्हातारी मोटार.

थोरले दीर म्हणाले, "विकून टाका. बायकामाणसांना मोटार कशाला हवी?" मला तिची फारशी हौस नव्हती. पण ते विका म्हणाले, म्हणून मी ठेवली.

एकदा ठेवली म्हटल्यावर सांभाळणं आलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते काय असतं, हे मला तेव्हा कळलं. समुद्राची खारी हवा पितळ हिरवं करी आणि लोखंड कुरतडून खाई. तांबड्या मातीचा धुरळा इंजिनाच्या नळ्यांत जाऊन बसे. उन्हाळ्यात चाकांच्या आऱ्या सुकून कुरकुरायला लागत, मग त्यांना ओली गोणपाटं गुंडाळायची. पावसाळ्यात बैठकींच्या कातड्यावर बुरशी. एखादा भाग मोडला तर तो मुंबईहून आगबोटीने यायचा, आणि पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत गाडी मांगरात गुरांच्या शेजारी उभी. मांडवीचा एक होड्या बांधणारा सुतार आऱ्या ठोकून देई. त्याने एकदा न विचारता गाडीच्या सगळ्या लाकडाला होडीला लावतात ते माशाचं तेल चोपडलं. थोरले दीर कडक सोवळ्यातले. त्या वासाने महिनाभर ते आमच्या अंगणात फिरकले नाहीत. तेवढा महिना घरात शांतता होती.

ड्रायव्हर मिरजोळ्याचा. त्याला भोंगा वाजवणं आणि मिशीला पीळ देणं ही दोन कामं उत्तम येत. गाडी चालवीही बरी. पण बॉनेट उघडलं की बाजूला उभा राहून आभाळ बघे. ते काम माझं. गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. मुलगी इंग्रजी शाळेत जायची. ती ते वाचून मला मराठीत सांगायची आणि मी हात काळे करायची. बागेच्या दगडी गडग्याच्या आत मी गाडी हाकायलाही शिकले. गडग्याच्या बाहेर मात्र नाही. विधवा बाई रस्त्यावर मोटार हाकताना दिसली असती तर रत्नागिरी समुद्रात बुडाली असती, अशी आमच्या भावकीची खात्री होती. केस मी ठेवले होते, त्याचंच त्यांना अजून पचलं नव्हतं.

आता या पवित्र गावाची गंमत ऐका. लग्नसराई आली की ज्याच्या त्याच्या घरून वरातीसाठी गाडीची मागणी. "वहिनी, तुमची गाडी म्हणजे शोभाच वेगळी." मी गाडी देई. मग त्या घरच्या सवाष्णी येऊन तिला हळदकुंकू लावत, चाकाखाली लिंबू ठेवत, पुढे नारळ वाढवत, आणि त्या वेळी मी माजघरात असावं असं कोणी न बोलता ठरलेलं असे. गाडीचा मालक मेला होता, पण गाडी सवाष्ण. मी मात्र अपशकुनी. तिच्या पोटातली घाण काढणारे माझे हात चालत, दारात उभं राहिलेलं माझं तोंड चालत नसे. मला या माणसांचा राग येत नसे. राग यायला समोरच्याला थोडी अक्कल असावी लागते.

वरातीत गाडी तापायची. माणसाच्या चालीने चालायचं, वारा लागायचा नाही, आतलं पाणी उकळायचं. पुढच्या जाळीतून वारा आत जातो हे मी प्रत्येकाला सांगत असे, आणि प्रत्येक जण त्याच जाळीवर हार बांधून तिचं नाक बंद करत असे. देवाचं तोंड हारांनी झाकायची सवय ना. दर वेळी मी ड्रायव्हरला बजावी : जाळी मोकळी ठेव, चौकाचौकात थांब, आणि काही झालं तरी तापलेल्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडू नकोस.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडचे गावातलेच, खालच्या आळीचे. कन्यादान थोरल्या दिरांनी करायचं हे उघडच होतं. मी एकच मागणं घातलं : वरातीच्या मागे, सगळ्यांच्या शेवटी चालेन, पण लेक सासरचा उंबरठा ओलांडताना मला बघू द्या. दुसरं काही नको. एकच मूल मला, आणि तिला मी एकटीने वाढवलं होतं.

दीर म्हणाले, "पोरीच्या संसारावर तुमची सावली कशाला पाडता?"

मी गप्प बसले. भीतीने नव्हे. सासरी पहिल्याच दिवशी तिला आईवरून टोमणे नकोत म्हणून. लेक रडून म्हणाली, "आई, तू नाहीस तर मी गाडीत बसत नाही." तिलाही मी गप्प केलं.

वैशाखातलं लग्न. ऊन कलल्यावर वरात निघाली. माजघराच्या खिडकीतून मी पाहिलं तर दिरांनी जाळीवर आंब्याच्या डहाळ्या बांधून त्यावर अबोलीचे सर सोडले होते. मी कपाळाला हात लावला. वाजंत्रीचा आवाज वळणापर्यंत गेला आणि बंद पडला.

थोड्या वेळाने दीर स्वतः आले. घामाने डबडबलेले.

"वहिनी, गाडी वाफ सोडतेय. जरा येता काय? मागीलदाराने या. पदर पुढे ओढून."

मी पुढच्या दाराने गेले.

ड्रायव्हर रस्त्याकडेला हात केळीच्या पानात गुंडाळून बसला होता. "मोठे मालक झाकण उघड म्हणाले. मी नको म्हटलं, बाई," तो म्हणाला. "ऐकलानी नाय." उकळतं पाणी त्याच्या दोन्ही हातांवर उडालं होतं. मी त्याला आधी वैद्याकडे पाठवलं. मग डहाळ्या, हार ओरबाडून काढले, बॉनेट उघडलं आणि सांगितलं, "आता कोणी हात लावू नका. निवेपर्यंत पाण्याचा थेंबही घालू नका." वऱ्हाड माझ्यापासून चार हात लांब सरकून उभं होतं.

विहीणबाई भटजींच्या कानाशी लागल्या. वरातीच्या गाडीला विधवेचा हात लागला होता. भटजींनी दिरांना बोलावलं. तोडगा लगेच सापडला : शेजारच्या विहिरीची घागर, त्यात गोमूत्राची धार, आणि दोन मंत्र. मी पुढे झाले तर दिरांनी हात आडवा धरला. मागे बसलेली माझी लेक म्हणाली, "काका, पाणी नको, फुटेल ते." पुस्तक तिनेच वाचलेलं. पण नव्या नवरीने बोलायचं नसतं, म्हणून कोणी ऐकलं नाही. दिरांनी अख्खी घागर तापलेल्या इंजिनावर ओतली.

तडाक असा आवाज झाला. ओतीव लोखंड वरपासून खालपर्यंत तडकलं आणि काळं तेल रस्त्यावर गळायला लागलं. गाडी शुद्ध झाली आणि मेली.

लक्ष्मी दिवेलागणीच्या आत घरात यायला हवी होती. पायी चला म्हटलं तर विहीणबाईंचा चेहरा उतरला. मोटारीतून सून येणार म्हणून त्यांनी सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं. शेवटी आमच्याच बागेतल्या आंब्याच्या गाडीचे बैल सोडून आणले आणि मोटारीपुढे जुंपले. विलायती मोटार, पुढे दोन बैल. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की पुढे उतार आहे. चक्र कोण धरणार, ब्रेक कोण दाबणार? ड्रायव्हर वैद्याकडे. दिरांना छत्रीसुद्धा नीट धरता येत नसे. नवरदेव बी.ए. होते.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अडला हरी, आणि गाढव समोर उभं.

"आत्ताच शुद्ध केलीत ना," मी म्हटलं. "मी शिवू काय?"

दीर बैलांकडे बघत म्हणाले, "बसा."

"ऐकू नाही आलं."

"वहिनी, बसा."

मी बसले. पदर डोक्यावर होता तेवढाच ठेवला. वाजंत्री सुरू झाली. बिनकुंकवाच्या कपाळाची बाई वरातीच्या सगळ्यांत पुढे, पितळी दिव्यांच्या मागे, चक्र धरून, आणि मागे जावई नि लेक. बायका दारांतून बघत होत्या आणि मान वळवायची की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. उतारावर मी ब्रेक दाबला की बैल मान वळवून बघत. त्या वरातीत मला पटलेले प्राणी तेवढे दोनच.

मुलाकडचं घर उतारापलीकडच्या लहान चढावर. दारात बैल सोडले. विहीणबाई भाकरतुकडा घेऊन आल्या, मला बघून थबकल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आता तुम्ही उतरलात तरी चालेल. पलीकडच्या गल्लीने जा."

"मी पाय काढला तर गाडी मागे जाईल," मी म्हटलं. "दोघांना घेऊन."

त्यांनी चढ बघितला, मग माझा पाय बघितला आणि मुकाट्याने ओवाळायला लागल्या. भाकरतुकडा माझ्या डोक्याला लागू नये म्हणून त्यांचा हात फार जपून फिरत होता. लेक उतरली. पायरीवर वळून तिने माझ्याकडे पाहिलं. मग पायाने माप लवंडलं आणि उंबरठा ओलांडून आत गेली. मी सगळं पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही, कारण दोन्ही हात चक्रावर आहेत असं मला दाखवायचं होतं.

गाडीला हातब्रेक होता. उत्तम चालायचा, एकदा ओढला की गाडी चढावर रात्रभर उभी राहील असा. पण मला कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.