गोदाक्काचं कॉलेज

पहिल्या दिवशी ती वर्गात आली आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, चाळिशीला टेकलेलं वय. आम्हांला वाटलं, बाई शिकवायलाच आल्या. गोदाक्का गोंधळली. "बसा भाऊ, मी बी तुमनासारखीच शे," म्हणाली आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

जळगावात कॉलेज नुकतंच निघालं होतं. ती धरणगावची, मी पहूरची. मेहरूणला आम्ही दोघींनी एक खोली घेतली. स्टोव्हवर पिठलं हलवता हलवता ती संस्कृत रूपं घोकायची.

लहानपणीच ती विधवा झाली होती. भावाने शिकवलं, पुण्याला कॉलेजात घातलं. पहिली सहामाही संपते न संपते तोच भावजय बाळंतपणात गेली. तान्ह्या मुलासाठी गोदाक्का परतली, ती धरणगावलाच राहिली. मुलींच्या शाळेत शिकवू लागली. "माले परत पुन्याले जाता उनं नही," ती हसून म्हणायची, "ते कालेजच आठे उनं."

तोच भाचा मोठा होऊन एकदा खोलीवर आला. "आत्या, लोके हासतस. घर चाल."

"हासू दे. हासी हासीसन थकतीन," म्हणत तिने त्याच्यापुढे भाकरी वाढली. तो जेवला आणि गेला.

इंटरच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तो पुन्हा आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याची बायकोही बाळंतपणातच गेली होती. "आत्या, पोर रडस," एवढंच बोलला.

गोदाक्काने त्याला पाण्याचा तांब्या दिला. मग म्हणाली, "तिले आठे लई ये. आते मी कालेज सोडाव नही."

त्याने मुलगी आणली. आम्ही वर्गात असताना घरमालकीण तिला सांभाळी. घरी आल्यावर आम्ही आळीपाळीने झोका देत वाचायचो. गोदाक्का पास झाली. निकाल कळला त्या दिवशी तिने मुलीच्या तोंडात साखरेचा दाणा ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला.

मुलीला कडेवर घेऊन सुट्टीसाठी गावी निघताना ती स्टेशनवर मला म्हणाली, "पुढल्या वर्षाचं नाटक तू वाचेल शे ना? शेवट सांगू नको. माले वर्गात ऐकनं शे."

त्याच सुट्टीत ती विषमज्वराने गेली. कॉलेज उघडलं, नाटक सुरू झालं. सर शेवटच्या अंकाला आले, त्या दिवशी मी वर्गात गेले नाही. मेहरूणच्या तळ्याकाठी जाऊन बसले.