लेबलावरचा हात

मोहाच्या फुलांचा वास आला की मला लोहा गावचा तो पेंटर आठवतो. किनवटकडच्या एका छोट्या डिस्टिलरीत मी कामाला होतो. आमच्या मोहाच्या दारूच्या बाटलीसाठी त्यानं लेबलाचं चित्र काढलं होतं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला, दारूला न शिवणारा माणूस. गर्द पानांचं, फुलांनी लगडलेलं झाड पाहून आम्ही सगळे खूश झालो. फुलं घेऊन आलेली बाई मात्र टोपली खाली ठेवत म्हणाली, "लई भारी हाय, पण पानं कुठली? फुलं येतेत तवा झाड उघडंच असतंय. अन् आम्ही फुलं तोडत न्हाई, पहाटं पडलेली वेचतो." चित्र दुसऱ्याच दिवशी नांदेडला छपाईला जायचं होतं. मी म्हटलं, "राहू द्या, कुणाला कळतंय?" पेंटर म्हणाला, "हिला कळलं की." त्यानं चित्र फाडलं आणि पहाटे तिच्यामागं जाऊन झाडाखाली बसला. छपाई लांबली. नव्या लेबलावर झाड नव्हतंच. होती झाडून काढलेली जमीन, पिवळसर फुलं आणि वेचणारा एक हात. पहिली बाटली त्या बाईला दाखवली, तर तिनं चित्रातल्या मनगटावरच्या गोंदणाशेजारी आपलं मनगट धरलं. गोंदण तेच होतं. ती बाटली, आता रिकामी, आजही माझ्या टेबलावर आहे. दारूची चव मी केव्हाच विसरलो.