अण्णांच्या गाडीत न बसणारी बाई

मला एका ठरावीक प्रकारच्या सिनेमांचं वेड आहे. कातडीच्या रंगावरून माणसाला जनावरासारखं वागवणारा देश, आणि त्यात एखादा साधा शिंपी, नाहीतर गवंडी, नाहीतर स्वयंपाकीण. जन्मभर खाली मान घालून जगलेलं ते माणूस एक दिवस 'नाही' म्हणतं. का म्हणतं? कालपर्यंत का म्हटलं नव्हतं? भोरच्या शाळेत दिवसभर इतिहास शिकवून घरी आले, की मी हेच शोधत बसते. नवरा म्हणतो, हे विकतचं दुखणं आहे. म्हणेना का!

गेल्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, भोंगवलीहून माझ्याकडे राहायला आले होते. अण्णा एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी रस्त्यानं गाडी गेली की नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगतात. मी लावलेला सिनेमा बसचा निघाला, म्हणून तेही खुर्ची ओढून बसले.

अमेरिकेतलं एक शहर. बसमध्ये गोऱ्यांनी पुढं बसायचं, काळ्यांनी मागं, आणि एखादा गोरा उभा दिसला तर काळ्यानं जागा सोडायची. लोकांचे कपडे इस्त्री करून पोट भरणारी एक बाई एका संध्याकाळी अशी उठवली जाते. दुसऱ्या दिवसापासून ती बसमध्ये पाऊलच ठेवत नाही. रोज चालत कामाला जाते. हळूहळू सगळी वस्ती चालायला लागते. अण्णांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी मध्ये मध्ये मराठीतून सांगत होते.

"कंडक्टर कुठाय गं?"

"तिथं नसतो, अण्णा. ड्रायव्हरच पैसे घेतो."

"म्हंजी उठवायचं काम बी त्याच्याच गळ्यात."

रिकाम्या बस पळताना दिसल्या तेव्हा ते हळहळले. मग म्हणाले, "मागं घे. बाईला उठवत्यात तिथं." मी घेतलं. पुन्हा घ्यायला लावलं. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की ते त्या बाईकडे बघतच नव्हते.

"ह्या डायवरचं पुढं काय झालं?"

"सिनेमा त्याचा नाहीये."

"पर गाडीत तर व्हता की तो."

इतके सिनेमे पाहिले, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. अण्णा झोपायला गेल्यावर मी तो सिनेमा शेवटपर्यंत पळवून पाहिला. ड्रायव्हर पुन्हा कुठंच आला नाही.

सकाळी चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितलं. वेल्ह्याच्या बाजूच्या एका गावाला त्यांची मुक्कामी गाडी असायची. सकाळी तीच गाडी भोरला परत. एकदा पुढच्या सीटवर बौद्धवाडीतली एक बाई तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसली होती. गाडीत एक म्हातारे चढले. ते माझ्या आत्याचे सासरे, त्या गावातलं बडं प्रस्थ. ते काही बोलले नाहीत. सीटपाशी उभे राहिले आणि अण्णांकडे नुसतं बघितलं.

"आन् म्या म्हनलो, बाई, मागं जा. असा कुठलाच नियम न्हाई एसटीचा. पर भईन दिली व्हती त्या घरात."

ती उठली. घाटभर पोराला खांद्यावर घेऊन उभी राहिली.

"फुडं कैक वर्सं ती माझ्या गाडीला यायची. बसायची न्हाई. गाडी रिकामी असली तरी दांडा धरून उभी. मला वाटायचं, लाजती. काल त्या बाईला चालताना बघितली आन् रातभर डोळा लागला न्हाई. ती लाजत व्हती का दुसरंच काय? इचारलं पाहिजे."

मला त्यांचा राग आला. माझे अण्णा त्या ड्रायव्हरच्या जागी! पण खरं सांगते, रागापेक्षा उत्सुकता मोठी निघाली. रविवारी आम्ही एसटीनंच त्या गावाला गेलो.

बाई अंगणात तांदूळ निवडत होती. आता साठी ओलांडलेली, चष्मा लावलेली. तिनं अण्णांना लगेच ओळखलं.

"या मास्तर," म्हणाली. कंडक्टरला तिकडे मास्तरच म्हणतात. पाणी दिलं. अण्णांनी आडवळण न घेता विचारलं, "तुमी माझ्या गाडीत बसत का नव्हता?"

"तुमाला काय वाटलं?"

"लाजता, असं वाटलं."

ती मोकळं हसली. "लाजायचं काय त्यात? दुसऱ्या मास्तरांच्या गाडीत बसत व्हते की मी. चांगली ऐसपैस, खिडकीला. फकस्त तुमच्याच गाडीत न्हाई. तिकीट पुरं घ्यायचं आन् तुमच्या डोळ्याम्होरं उभं ऱ्हायाचं, असं ठरवलं व्हतं. म्हनलं, कवातरी इचारतील."

अण्णांचा चेहरा पडला. एवढी वर्षं तिकीट देत होते, आणि एवढंही कळलं नव्हतं. त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं."

ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "मास्तर, उठवलं तवा गाडी भरल्याली व्हती. सगळ्यांनी बघितलं. आन् माफी हितं, अंगणात व्हय?"

अण्णांनी परतीची गाडी कितीला आहे ते विचारलं. वेळ झाली तशी ती आमच्यासोबत थांब्यापर्यंत चालत आली. अण्णा गाडीत काय बोलतील, याची मला धाकधूक होती. म्हातारे कधीच वारले होते, पण आत्या अजून त्याच घरात नांदतेय.

गाडी आली, अर्ध्याहून जास्त भरलेली. तिसऱ्या सीटवर आत्याचा दीर. "या पाव्हणं, हितं बसा," म्हणत तो सरकला. अण्णा बसले नाहीत. तरुण कंडक्टरला म्हणाले, "मास्तर, बेल मारू नका, दोन मिंटं द्या." मग प्रवाशांकडे तोंड करून उभे राहिले. मी आधाराला पुढं झाले, तर हातानंच मला थोपवलं.

"मंडळी," ते म्हणाले, "म्या ह्याच रूटला कंडक्टर व्हतो. ह्या खाली हुब्या हायती त्या बाईंना म्या एकदा सीटवरनं उठवलं. कुणासाठी उठवलं, त्ये बी सांगतो."

दिराच्या कपाळाला आठी पडली. आवाज खाली आला होता, पण अण्णा बोलत राहिले. माझे डोळे भरून आले.

बाई दारातून आत डोकावली. म्हणाली, "मास्तर, जरा मोठ्यानं. मागं ऐकू जात न्हाई."