वडिलांसाठी तोडलेले दोन बांबू

गेल्या हिवाळ्यात वडील गेले आणि त्यांच्या तिरडीसाठी मी कोवळे बांबू तोडले. खरं तर ते काम माझं नव्हतंच. मुलानं अग्नी द्यायचा, बांबू भावकीनं आणायचे, ही आमच्याकडची रीत. चुलते म्हणालेही, "तू बस गप, आमी आणतो." पण शहरात, औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात वीस वर्षं टेबलामागं बसलेल्या मला नेमकं त्या दिवशी आठवलं, की आपण शेतकऱ्याचा मुलगा आहोत. ऑफिसच्या पँटीवरच कुऱ्हाड घेऊन निघालो.

पाचोडजवळच्या आमच्या रानात, विहिरीच्या कडेला वडिलांनी लावलेलं बांबूचं बेट आहे. माझ्या लग्नाचा मांडव त्याच बांबूंचा. दर पाडव्याला गुढीची काठी तिथूनच शहरात यायची. मी फक्त गाडीच्या टपावरून उतरवून घ्यायचो. बांबू एका पावसाळ्यात पुरता उंच होतो. मग वाढत नाही, जाडही होत नाही, तीनेक वर्षं नुसता कडक होत जातो. वडील हे सांगायचे तेव्हा मी मोबाइल बघत असे.

मला दोन दिसले, सरळ, हिरवेगार. चार घावांत आडवे. बाप गेलेल्या दिवशी मी स्वतःवर खूश झालो.

घाईत कुणी बांबू पारखले नाहीत; ओढ्यापर्यंत तिरडी नीट गेली. मग मधोमध वाकायला लागली. वडिलांची पाठ खाली, खाली.

"थांबा! खाली घ्या!" चुलते ओरडले. त्यांनी बांबू नखानं खरवडला. "अरं, यंदाचे हायेत हे. आखाडात कोंब व्हते."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मागून एक म्हातारा पुटपुटला, "बाप काडीवानी झाला व्हता, तरी पेलला नाय." हे बांबूला की मला, ते विचारायचं धाडस झालं नाही.

दोघं जण परत पळाले आणि गोठ्याच्या छपराचे दोन जुने बांबू उपसून आणले. तोवर वडील रस्त्यावर, उन्हात. मी पंच्यानं त्यांच्या तोंडावर सावली धरून बसलो. एवढा वेळ सलग त्यांच्यापाशी मी कित्येक वर्षांत बसलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मी हे बायकोला सांगितलं. शेवटचे सहा महिने तीच गावी वडिलांपाशी राहिली होती. तिनं ऐकून घेतलं. पदरानं डोळे पुसले.

"मागच्या अंगाला दोन चांगले जून होते," ती म्हणाली. "मामंजींनी मला दाखवून ठेवले होते. 'हे माझ्यासाठी राखून ठेव' म्हणाले. त्या दिवशी मी आत बायकांत होते, तुम्ही कुऱ्हाड घेऊन गेलेलं कळलंच नाही. तुम्हालाही दाखवणार होते हो. पण तुम्ही आलात की आधी परतीची गाडी कितीला, तेच विचारायचात."